काळ्या जमिनीतले शिसे विजेने ओढून काढता येईल का?

यावल तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मळ्याच्या बांधालगतची दोन गुंठे जागा काही वर्षे भाड्याने दिलेली होती आणि तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळण्याची भट्टी चालत असे. भट्टी बंद होऊन चार वर्षे झाली. आता तिथे केळी लावायची म्हणून त्यांनी माती तपासून घेतली, तेव्हा वरच्या १५ सेंटिमीटर थरात शिसे किलोमागे १,८०० मिलिग्रॅम निघाले. त्याच अहवालात सामू (पीएच) ८.२ आणि मुक्त चुना ६ टक्के आहे. मातीत विजेचे खांब रोवून प्रवाह सोडला की जड धातू एका खांबाकडे ओढले जातात, असे त्यांच्या वाचनात आले आहे. सौर कृषिपंपाचे पाच किलोवॅटचे पॅनेल पावसाळ्यात रिकामेच असतात, ते जोडून हे काम घरच्या घरी करता येईल का, असे ते विचारतात.

आपल्या दोन गुंठ्यांपुरते माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि पंपाचे पॅनेल ओल्या मातीला जोडण्याचा प्रयोग तर कृपया करूच नये. मात्र नुसते ‘नाही’ म्हणून थांबणे बरोबर होणार नाही. ही पद्धत खोटी नाही, काही ठिकाणी ती खरोखर उपयोगी पडते, आणि ती आपल्याकडे का अडते हे समजले की त्या जागेचे पुढे काय करायचे तेही स्पष्ट होते. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

चिकणमातीत विजेचा प्रवाह सोडला की तिच्यातले पाणी सरकते, ही गोष्ट रॉईस या शास्त्रज्ञाने मॉस्कोमध्ये १८०९ साली मांडली. पुढे १९३० च्या दशकात लिओ कासाग्रांदे यांनी जर्मनीत याच तत्त्वाने पाणथळ चिकणमातीतले पाणी काढून रेल्वेमार्गाच्या खोदकामाच्या बाजू स्थिर केल्या. शेतजमिनीच्या बाबतीत आपला देशही फार मागे नव्हता. १९३६ मध्ये पुरी आणि आनंद या दोघांनी चोपण जमिनीतला सोडियम विजेच्या साहाय्याने काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. जड धातूंसाठी जमिनीवर प्रत्यक्ष वापर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समध्ये झाला. तिथे ग्रोनिंगेन येथील रंगाच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेत शिसे आणि तांबे बऱ्याच प्रमाणात कमी करता आले. आपण वाचलेल्या यशोगाथांचे मूळ बहुधा अशाच कामांत आहे.

आता मातीत नेमके काय घडते ते पाहू. ओल्या मातीत दोन विद्युत अग्रे रोवून एका सेंटिमीटरला साधारण एक व्होल्ट या हिशेबाने दाब दिला की एकाच वेळी दोन गोष्टी सुरू होतात. पहिली म्हणजे मातीच्या ओलाव्यात विरघळलेले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, चालू लागतात. शिसे, जस्त, कॅडमियम यांचे धनभारित आयन ऋणाग्राकडे जातात, तर क्रोमेट, आर्सेनेट, नायट्रेट यांसारखे ऋणभारित आयन धनाग्राकडे. दुसरी म्हणजे चिकणमातीच्या कणांचा पृष्ठभाग ऋणभारित असल्यामुळे त्याला लगटून असलेले पाणीच सगळे मिळून ऋणाग्राकडे सरकते. याला विद्युत परासरण म्हणतात. हे सरकणे दिवसाला जेमतेम एखादा सेंटिमीटर असते. पण गंमत अशी की ते वाळूत जितके होते जवळपास तितकेच चिकणमातीतही होते. ज्या भारी मातीत पाण्याचा निचरा होत नाही आणि म्हणून पाण्याने धुऊन धातू काढणे शक्य नसते, तिथे वीज चालते, हेच या पद्धतीचे खरे बळ आहे.

तिसरी गोष्ट अग्रांवर घडते आणि सगळे यशापयश तिच्यावर अवलंबून असते. धनाग्रावर पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन आणि आम्ल तयार होते, ऋणाग्रावर हायड्रोजन आणि अल्क तयार होते. धनाग्राजवळचा सामू दोनपर्यंत खाली येऊ शकतो आणि ऋणाग्राजवळचा बारापर्यंत चढू शकतो. आम्लाची लाट अल्काच्या लाटेपेक्षा जवळपास पावणेदोन पट वेगाने पुढे सरकते आणि वाटेत मातीच्या कणांना चिकटलेला धातू सोडवत जाते. म्हणजे धातू सुटा करणारे असते ते हे आम्ल. वीज ते आम्ल तयार करते आणि सुटा झालेला धातू वाहून नेते. जो धातू ओलाव्यात विरघळलेलाच नाही, त्याला वीज हलवू शकत नाही, मग दाब कितीही वाढवा. या दोन लाटा जिथे एकमेकींना भिडतात तिथे सामू एकदम चढतो आणि इतका प्रवास करून आलेला धातू तिथेच हायड्रॉक्साइड होऊन साकळतो. म्हणून व्यवस्थित चालवलेल्या कामात ऋणाग्र छिद्रांच्या नळीत ठेवून त्याभोवती सौम्य ॲसेटिक किंवा सायट्रिक आम्ल सतत फिरवत ठेवावे लागते, म्हणजे तिथला अल्क मातीत शिरण्याआधीच मारला जातो.

आपल्या अहवालातला मुक्त चुन्याचा आकडा इथे येतो. खानदेशातील भारी काळ्या जमिनीत चुनखडी असते हे आपल्याला मी सांगायला नको. नांगरटीत तिचे पांढरे खडे वर येतात आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की माती फसफसते. ही चुनखडी येणारे प्रत्येक आम्ल खाऊन टाकते. जोवर चुना शिल्लक आहे तोवर सामू सातच्या खाली फारसा जात नाही, आणि सामू उतरल्याशिवाय शिसे सुटत नाही.

याचा हिशेब मांडून पाहू. एक टन मातीत ६ टक्के चुना म्हणजे ६० किलो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच ६०० मोल (मोल हे रसायनशास्त्रात कणांची संख्या मोजण्याचे एकक). ते विरघळवायला १,२०० मोल आम्ल लागते. विजेने तितके आम्ल तयार करायचे तर टनामागे सुमारे ३२,००० अँपिअर-तास प्रवाह द्यावा लागतो. अग्रांमधले अंतर एक मीटर आणि दाब १०० व्होल्ट धरला, तर ही वीज सुमारे ३,२०० युनिट होते. याउलट त्याच एक टन मातीत शिसे आहे १,८०० ग्रॅम, म्हणजे पावणेनऊ मोलही नाही. नुसते ते हलवायला लागणारा प्रवाह चुन्यावर खर्च होणाऱ्या प्रवाहाच्या सुमारे सत्तराव्या भागाइतका आहे.

दोन गुंठे जागा ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत घेतली तर माती भरते सुमारे ८० टन. तिच्यातला चुना संपवायला अडीच लाखांहून अधिक युनिट वीज लागेल, आणि युनिटला आठ रुपये धरले तर हा खर्च वीस लाखांवर जातो. आपल्या भागात एक किलोवॅट पॅनेल दिवसाला चार ते पाच युनिट देते. पाच किलोवॅटचे पॅनेल वर्षातले सगळे दिवस याच कामाला जुंपले तरी तीस वर्षांच्या आसपास लागतील, आणि आपण तर ते फक्त पावसाळ्यापुरतेच वापरणार आहात. या हिशेबात मी उष्णतेत जाणारी वीज, अल्काने मारले जाणारे आम्ल आणि इतर क्षार वाहून नेण्यात जाणारा प्रवाह धरलेलाच नाही. अग्रे जवळजवळ रोवली तर व्होल्ट कमी लागतात आणि युनिटही कमी होतात हे खरे, पण तेवढ्या पटीने अग्रांची संख्या, नळ्या आणि देखभाल वाढते.

हे मी केवळ कागदावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही प्रयोगशाळेत फूटभर लांबीच्या प्लास्टिकच्या पेटीत आधी केओलिन ही पांढरी चिनी माती घेतली, तिच्यात शिशाचे नायट्रेट कालवले आणि प्रवाह सोडला. आम्लाची लाट काही दिवसांतच पेटीच्या मध्याच्या पुढे गेली आणि शिसे तिच्यापुढे सरकताना स्पष्ट मोजता आले. मग त्याच पेटीत गिरणाकाठच्या एका शिसेमिश्रित जागेवरची काळी माती भरली. तीन आठवड्यांनी पेटीतली माती कापून तपासली, तेव्हा धनाग्राकडची जेमतेम दोन इंच माती आम्ल झालेली होती आणि पुढची सगळी माती जशी होती तशीच होती. दुसऱ्या वेळी ऋणाग्राकडे ॲसेटिक आम्ल फिरवले, तर चुन्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मातीच्या पोकळ्यांत अडकले आणि प्रवाहच घटला. तेव्हापासून कोणी मला विजेने माती स्वच्छ करण्याविषयी विचारले की मी धातूच्या आकड्याआधी चुन्याचा आकडा मागतो.

जगभरातल्या प्रयोगशाळांतले अनेक उत्तम निकाल अशाच पांढऱ्या चिनी मातीवरचे आहेत आणि तिच्यात धातू प्रयोगाच्या दोन-चार दिवस आधी कालवलेला असतो. केओलिनमध्ये चुना नसतो आणि आयन धरून ठेवण्याची तिची ताकद अगदी थोडी असते. आपल्या काळ्या मातीतले मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट आहे. ते आयन कितीतरी अधिक घट्ट धरते आणि ओलाव्याने फुगते, वाळल्यावर आक्रसते. शिवाय भट्टीच्या जागेतले शिसे वर्षानुवर्षे तिथेच मुरलेले असते. बॅटरीतून ते सल्फेट, ऑक्साइड आणि धातूचे बारीक कण अशा रूपांत येते. चुनखडीच्या मातीत सल्फेटचे हळूहळू कार्बोनेट होते आणि काही भाग लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना जखडला जातो. ही सगळी रूपे पाण्यात जवळजवळ न विरघळणारी आहेत. धातूचे कण आणि मळीचे, म्हणजे शिसे गाळल्यावर उरणाऱ्या टाकाऊ भागाचे, खडे तर कोणत्याच विजेने चालत जाणार नाहीत. ते चाळणीने वेगळे करावे लागतात.

काळ्या मातीच्या फुगण्या-आक्रसण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि परदेशी वर्णनांत तो सहसा सापडत नाही. परासरणाने पाणी ऋणाग्राकडे जाते, म्हणून धनाग्राजवळची माती कोरडी पडते. वैशाखात आपल्या शेतात ज्या भेगा पडतात, ज्यांत हात कोपरापर्यंत जातो, तशाच भेगा तिथे पडतात. भेग पडली की विजेची वाट तुटते. मग धनाग्राला सतत पाणी पाजत राहावे लागते, आणि ज्या दिवशी पाणी चुकते त्या दिवशी काम थांबते.

चुना विरघळवल्याशिवाय शिसे सोडवण्याचा एक मार्ग आहे, तो चिलेटचा. चिलेटेड झिंक किंवा चिलेटेड लोह आपण फवारणीसाठी वापरतच असाल. त्यातला इडीटीए हा पदार्थ धातूला कवेत घेऊन विरघळलेल्या स्थितीत ठेवतो, आणि अल्कधर्मी मातीतही ठेवतो. शिशाबरोबर त्याचे जे संयुग होते ते ऋणभारित असल्यामुळे धनाग्राकडे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने जाते. आमच्या पेटीत हा मार्ग चालला. तरीही शेतात तो वापरायला मी आपल्याला सांगणार नाही. एक तर इडीटीए शिशाबरोबर कॅल्शियम आणि लोहही उचलतो, त्यामुळे तो भरपूर लागतो. दुसरे आणि अधिक गंभीर कारण असे की तो मातीत लवकर कुजत नाही. आज जे शिसे चुन्याने जागच्या जागी बांधून ठेवले आहे ते एकदा विरघळले आणि मधेच वीज गेली किंवा जोराचा पाऊस आला, तर ते सरळ विहिरीच्या दिशेने निघेल. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. दोन गुंठे स्वच्छ करताना गावाची विहीर बिघडवण्याचा धोका पत्करू नये. तळाला अस्तर असलेल्या हौदात खणलेली माती घालून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे करता येते. उघड्या शेतात नाही.

सौर पॅनेलविषयीही स्पष्ट सांगतो. कृषिपंपाचे पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि त्यांचा एकत्रित दाब कित्येक शे व्होल्ट असतो. ओल्या जमिनीत तो सोडला की जमिनीच्या पृष्ठभागावर एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंतही दाबाचा फरक राहतो. माणसाला तो घातक आहेच, पण बैल, गाय, म्हैस यांना अधिक, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते आणि प्रवाह सरळ छातीतून जातो. वेल्डिंग मशीन वापरून पाहावे असेही काहींना वाटते. बहुतेक साध्या वेल्डिंग मशीनचा प्रवाह उलटसुलट वाहणारा असतो, त्याने आयन पुढे जातच नाहीत, आणि धोका मात्र तितकाच राहतो. ऋणाग्रावर निघणारा हायड्रोजन झाकलेल्या जागेत साठला तर पेट घेतो. पाणी खारे असेल तर धनाग्रावर क्लोरीन सुटतो. धनाग्र म्हणून लोखंडी पहार रोवली तर ती स्वतःच विरघळून जाते. तिथे ग्राफाइट किंवा ऑक्साइडचा लेप दिलेले टायटॅनियम लागते.

मग ही पद्धत आपल्या भागात कुठेच उपयोगाची नाही का? आहे, आणि मला तिच्याविषयी आस्था आहे ती याच कारणाने. समजा एखाद्या क्रोम प्लेटिंगच्या शेडखाली टाकी गळून मातीत सहा संयुजेचे क्रोमियम गेले आहे. ते क्रोमेटच्या रूपात असते, अल्कधर्मी काळ्या मातीत विरघळलेलेच राहते आणि ऋणभारित असल्यामुळे कणांना फारसे चिकटत नाही. म्हणजे शिशाच्या बाबतीत जो सामू आडवा येतो तोच इथे मदत करतो. आम्लाची गरज पडत नाही, चुना खर्ची पडत नाही आणि प्रवाह सोडला की क्रोमेट धनाग्राकडे निघते. जागा शेडखाली असल्यामुळे खणता येत नाही आणि माती भारी असल्यामुळे पाण्याने धुता येत नाही, अशा ठिकाणी विजेइतका चांगला मार्ग दुसरा क्वचितच असतो. तिथेही दोन गोष्टी जपाव्या लागतात. परासरणाचे पाणी उलट दिशेने, म्हणजे ऋणाग्राकडे जात असते, त्यामुळे वेग घटतो आणि दोन्ही अग्रांकडचे पाणी गोळा करावे लागते. दुसरे असे की सेंद्रिय पदार्थामुळे किंवा फेरस लोहामुळे काही क्रोमियम तीन संयुजेचे होऊन जागीच बसते. ते कमी विषारी असते, पण बेसाल्टपासून झालेल्या मातीतले मँगनीजचे ऑक्साइड त्यातले थोडे पुन्हा सहा संयुजेचे करू शकतात. म्हणून अशा जागेची तपासणी काम संपल्यावरही काही वर्षे करत राहावी लागते.

बेसाल्टचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा इथेच करतो, कारण माती तपासून आणणारे अनेक जण या कारणाने विनाकारण घाबरतात. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली आहे आणि त्या पाषाणात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच बऱ्यापैकी असतात. तीव्र आम्लात माती विरघळवून केलेल्या तपासणीत हे धातू किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास दिसले तर ते प्रदूषणच आहे असे समजू नये. ते खनिजाच्या आत बंदिस्त असतात, पिकाला मिळत नाहीत आणि विजेनेही निघत नाहीत. शिशाचे तसे नाही. त्या पाषाणात शिसे फारच थोडे असते, त्यामुळे आपला १,८०० चा आकडा निःसंशय भट्टीचा आहे. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घराभोवतीच्या मातीसाठी पुढील तपासणी सुरू करण्याची पातळी २०२४ मध्ये किलोमागे ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली.

आता आपण प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. सर्वांत आधी मातीचा नाही, माणसांचा विचार करावा. चुनखडीच्या मातीतून शिसे पिकात कमी जाते. ते शरीरात जाते ते मुख्यतः धुळीतून आणि लहान मुलांच्या हातातोंडातून. त्या जागेला आजच कुंपण घालावे, मुलांना तिथे खेळू देऊ नये आणि घरातल्या लहान मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार रक्तात शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळले तर त्याचा स्रोत शोधून तो बंद करायला हवा. गुरांनाही तिथे सोडू नये. गुरे बॅटरीचे तुकडे आणि शिशाची माती चाटतात आणि त्याने दगावतात, ही पशुवैद्यकांच्या परिचयाची गोष्ट आहे. त्या जागेतला चारा कापून घालू नये, आणि मेथी, पालक, मुळा, गाजर यांसारख्या मातीला टेकून वाढणाऱ्या भाज्या तिथे घेऊ नयेत.

दुसरे म्हणजे खोलीनुसार नमुने घ्यावेत. आपल्याकडे फक्त वरच्या थराचा आकडा आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची धूळ भेगांत पडते आणि पावसात भेगा मिटतात, म्हणजे ही माती दर वर्षी स्वतःलाच उलथवते. शिसे भेगांच्या वाटेने अर्धा मीटर खाली गेलेले असू शकते. म्हणून जागेवर पाच-पाच मीटरच्या चौकटी आखाव्यात आणि प्रत्येक चौकटीतून ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे वेगवेगळे नमुने द्यावेत. भट्टी नेमकी जिथे होती तिथला आणि मळी टाकायच्या जागेचा नमुना स्वतंत्र ठेवावा. शिशाबरोबर अँटिमनी आणि आर्सेनिकही तपासायला सांगावे, कारण बॅटरीच्या जाळीच्या मिश्रधातूत ते असतात. विहिरीचे पाणीही तपासावे.

शिसे वरच्या थरातच थांबलेले असेल, आणि चुन्यामुळे तसे असण्याचा संभव बराच आहे, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तो थर काढणे. दोन गुंठ्यांवरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे ११ ब्रास माती, खणल्यावर फुगून थोडी जास्तच. जमीन वाफशावर असताना खणावी, म्हणजे धूळ उडत नाही. चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यात हे काम मुळीच करू नये. खणलेली माती ताडपत्रीवर घ्यावी आणि झाकावी. ती वीटभट्टीला देऊ नये, दुसऱ्याच्या शेतात भरावाला टाकू नये आणि नाल्याकाठी तर टाकूच नये. हे आवर्जून लिहितो, कारण आपल्याकडे फुकटची काळी माती नेणारे लगेच मिळतात. घातक कचऱ्याच्या शास्त्रोक्त विल्हेवाटीची सामाईक केंद्रे महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. माती तिथे पाठवायची की जागेवरच अस्तराखाली बंदिस्त ठेवायची हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्याने ठरवावे.

खर्चाचा भार आपल्या एकट्यावर यावा असेही नाही. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. संशयित जागांची नोंद, त्यांची तपासणी आणि प्रदूषण करणाऱ्याकडून खर्चाची वसुली यांची तरतूद त्यांत आहे. भाडेकरार, जुनी छायाचित्रे, मातीचे अहवाल हे सगळे जपून ठेवावे आणि जिल्हाधिकारी कार्यालय व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

थर काढणे जमण्यासारखे नसेल तर शिसे जागीच अधिक घट्ट बांधता येते. सुपर फॉस्फेटसारखे स्फुरद भरपूर मिसळले तर शिशाचे पायरोमॉर्फाइट नावाचे अत्यंत कमी विरघळणारे खनिज तयार होते. आपल्या मातीत स्फुरदाचा मोठा वाटा चुनाच पकडतो, म्हणून परिणाम हळू आणि अर्धवट मिळतो. शिवाय आर्सेनिक निघाले तर हा उपाय करू नये, कारण स्फुरद आर्सेनिकला मोकळे करते. त्यावर फूटभर स्वच्छ माती टाकून गवताचे दाट आच्छादन ठेवावे आणि ते गवत कापून गुरांना घालू नये. सूर्यफूल किंवा मोहरी लावून शिसे शोषून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याचाही हिशेब पाहा. हेक्टरी पाच टन कोरडे पीक आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसे असे उदार मनाने धरले तरी दोन गुंठ्यांतून वर्षाला दहा ग्रॅम शिसे निघेल. वरच्या थरात ते सुमारे ७२ किलो आहे.

केळीसाठी ती जागा एवढ्यात वापरू नये. मळ्याच्या उरलेल्या भागाविषयी मात्र लगेच निराश होऊ नका. भट्टीचा धूर आणि मळी बहुधा जवळपासच पडते, वाऱ्याच्या दिशेने थोडी लांब जाते. दोन गुंठ्यांच्या कडेपासून वाऱ्याच्या रोखाने दहा, पंचवीस आणि पन्नास मीटरवर तीन-तीन नमुने घ्या. ते आकडे आणि खोलीवारचे आकडे हाती आल्यावर पुन्हा लिहा, म्हणजे किती जागा खणायची आणि किती खोल, हे नेमके सांगता येईल. नमुने घेण्याचे काम मृगाच्या पावसाआधी उरकावे, कारण पहिल्या जोराच्या पावसात वरची धूळ भेगांत उतरते आणि मग वरच्या थराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.